दोष काचेचा की डोळ्यांचा?

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. कराडला एका आजारी नातलगांना भेटून आम्ही उभयता चिपळूणला परतत होतो. कुंभार्ली घाट लागला तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस असा कोसळत होता की, टपावरील आवाजात एकमेकांचे बोलणेही ऐकू येईना. आमची मोटार १८ वर्षांची आहे. तिच्या कुरकुरी मला ठाऊक आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवयही जडली आहे.

घाट उतरून पोफळी मागे टाकली. समोरून मालमोटार आली, तिच्या दिव्यांचा झोत काचेवर पसरला आणि सगळी काच दुधाने सारवल्यासारखी झाली. “अहो, थांबा! माणूस आहे!” पत्नी ओरडली. मी ब्रेक दाबला. डोक्यावरून घोंगडे घेतलेला एक वृद्ध गृहस्थ आमच्यापुढे अवघ्या दोन हातांवर रस्त्याच्या कडेने चालला होता. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. माझ्या हातांचा कंप मात्र घरी पोहोचेपर्यंत थांबला नाही.

“वायपर बिघडले आहेत,” मी म्हणालो. ते खरे होते. परंतु अपुरे होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा लेख.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रुग्णाला तपासावे त्याच क्रमाने मी वायपर तपासायचे ठरवले. प्रथम तक्रारी लिहून काढल्या. माझ्या बाजूचा वायपर फिरल्यानंतर काचेवर पाण्याच्या रेघा राहत. तो थरथरत, कर्रकर्र आवाज करीत जाई. डावा वायपर अर्ध्यावर जाऊन अडखळे. आणि दोन्ही वायपर पूर्वीपेक्षा मंद झाले होते. चार तक्रारी म्हणजे एकच आजार असे गृहीत धरू नये, हे वैद्यकातील जुने पथ्य येथेही उपयोगी पडले.

रेघांचे कारण बोटालाच लागले. ओल्या फडक्याने रबराची धार पुसली, तर फडके काळे झाले आणि धारेवर बारीक चिरा दिसल्या. उन्हाने रबर कडक होते. कोकणात वायपर वर्षातील आठ महिने जवळजवळ बेकार असतात आणि त्या काळात ऊन त्यांना वाळवत राहते. म्हणून रबर फार वापरले गेले नाही या समाधानात न राहता ते दर पावसाळ्यापूर्वी बदलावे. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नयेत. धूळ काचेवर ओरखडे उमटवते.

थरथरीची कारणे साधारण तीन असतात: कडक झालेले रबर, काचेवरील तेलकट थर किंवा वाकलेली दांडी. वाहनांच्या धुरातील तेलकटपणा काचेवर साचतो आणि नुसत्या पाण्याने जात नाही. भांडी घासण्याचा द्रव साबण पाण्यात थोडा मिसळून काच धुतली आणि भरपूर पाण्याने खळबळून काढली. नंतर दांडी पाहिली. वायपर थांबलेला असताना रबर काचेवर काटकोनात उभे असावे. म्हणजे जाताना ते एका अंगाला कलते आणि येताना दुसऱ्या. दांडी पिळवटली असेल तर रबर एकाच अंगाला घासत राहते. आमची दांडी सरळ होती. नवे रबर आणि स्वच्छ काच एवढ्याने थरथर थांबली.

डाव्या वायपरचे निदान तर्काने झाले. उजवा फिरतो, अर्थात फ्यूज, स्विच आणि मोटर निर्दोष आहेत. दोष त्यापुढेच असणार. दांडीच्या बुडाशी प्लॅस्टिकचे छोटे टोपण असते. ते काढल्यावर नट दिसतो. तो सैल झाला होता, त्यामुळे आतील आस फिरे आणि दांडी मागे राही. येथे तीन सूचना. वायपर स्विचनेच बंद करून आपल्या जागी थांबू द्यावेत आणि मगच किल्ली काढावी. काचेवर रबर टेकते तेथे चिकटपट्टी लावून खूण करावी, म्हणजे दांडी पुन्हा बसवताना कोन चुकत नाही. आणि दांडी उभी करण्यापूर्वी काचेवर जाड टॉवेल अंथरावा. स्प्रिंगच्या जोराने दांडी आपटली तर काच तडकते. दांडीच्या बुडातील दाते झिजले असतील तर नट आवळणे फार दिवस टिकत नाही, दांडीच बदलावी लागते. नट घट्ट असून आसच फिरत नसेल, तर मोटर आणि आस यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा सांधा निखळलेला असतो.

दोन्ही वायपर ठप्प असून मोटरचा आवाजही येत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा बसवावा. तो पुन्हा जळला, तर त्या जागी जाड तार खुपसण्याचा मोह टाळावा. ताप कशाने आला हे न शोधता रोज तापाची गोळी घेण्यासारखेच ते आहे. शिवाय येथे वायरिंग पेट घेण्याचा धोका असतो. फ्यूज शाबूत असेल तर मोटरच्या जोडणीपर्यंत वीज पोहोचते का, हे टेस्ट लॅम्पने कळते. पोहोचत नसेल तर दोष स्विच, रिले किंवा वायरचा. पोहोचत असूनही मोटर मुकी असेल तर अर्थिंगचा किंवा मोटरचा.

मंदपणा मात्र मला उकलेना. मी मोटरलाच दोष देत होतो. आमच्या वायरिंगच्या मिस्त्रींनी बॉनेटमागील जाळी काढली, दांड्या हाताने हलवून पाहिल्या आणि म्हणाले, “डॉक्टर, मोटर जोर लावतेय, पण आस जाम झालेत. मोटर बदलाल तर पैसे जातील, दुखणं राहील.” त्यांनी आस साफ करून त्यांत तेल सोडले, अर्थिंगच्या वायरचा गंजलेला सांधा पॉलिशपेपरने घासला आणि वायपर पूर्वीच्या चपळाईने फिरू लागले.

पुढच्या आठवड्यात रात्री पुन्हा पावसात मोटार बाहेर काढली. काच लख्ख पुसली जात होती. आणि समोरून वाहन येताच पुन्हा तोच दुधाळ झोत! मी काच आतून पुसली. चष्मा पुसला. फरक शून्य.

“एक विचारू?” पत्नी म्हणाली. “त्या रात्री माझ्या बाजूचा वायपर तर अर्ध्यावर अडकत होता. तरी मला तो माणूस दिसला. मग तुम्हाला कसा दिसला नाही?”

मी मोटार कडेला घेतली. पाऊस ओसरल्यावर उतरलो आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे एकेक डोळा झाकून पाहिले. आता मध्ये काच नव्हती, वायपरही नव्हता. डाव्या डोळ्याला दिव्याभोवती थोडी प्रभा दिसली. उजव्याला दिव्यातून चहूकडे किरणे फुटल्यासारखी दिसली.

मग एकेक आठवू लागले. वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता. अलीकडे वर्तमानपत्र चष्म्याविना वाचता येऊ लागले होते आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. मोतीबिंदूच्या एका प्रकारात नेत्रभिंग घट्ट होऊ लागले की जवळचे काही काळ अधिक चांगले दिसू लागते, हे मी रुग्णांना सांगत आलो आहे. अशा तीन तक्रारी घेऊन कोणी माझ्याकडे आला असता, तर मी त्याला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले असते. स्वतःसाठी मात्र मी रबर बदलत बसलो होतो.

नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करून तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात अधिक. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तोपर्यंत रात्री मोटार चालवणे मी पूर्णपणे बंद केले. रात्रीच्या बोलावण्यांना रिक्षाने जात असे. त्यात कमीपणा वाटला, हे नाकारत नाही.

वायपरचा आणि डोळ्याचा संबंध तसा जुना आहे. वायपरचे पेटंट अमेरिकेतील मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये मिळवले. पुढे रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याने थांबून थांबून फिरणारा वायपर घडवला आणि १९६४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. अपघाताने एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या या गृहस्थांना पापणी सतत न हलता मधूनमधून लवते, यावरून ही कल्पना सुचली होती. पापणी हा आपला वायपर, तर अश्रूंचा पातळ थर हे त्याचे पाणी. एकाग्रतेने मोटार चालवताना किंवा पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि हा थर सुकतो.

म्हणून एक सोपी खूण सांगतो. पापण्या मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसत असेल, तर डोळे कोरडे पडत असण्याची शक्यता अधिक. पापण्या कितीही लवल्या तरी धूसरपणा तसाच राहत असेल, तर कारण चष्म्याचा नंबर, नेत्रभिंग किंवा त्यामागील पडदा यांत शोधावे लागते. ही घरच्या घरी करायची चाचणी आहे, निदान नव्हे. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि डोळ्यांपुढे अचानक ठिणग्या चमकणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे अथवा डोळा लाल होऊन तीव्र वेदनेसह दिव्यांभोवती वलये दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्यांतील दाबासह नियमित नेत्रतपासणी करावी. काचबिंदू बहुधा वेदनेविना दृष्टी हिरावतो. मधुमेहींनी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे. मे महिन्यात वायपरची रबरे बदलायची असतातच. डोळ्यांसाठीही तोच महिना ठरवून टाकावा.

यंदा ही दोन्ही कामे मी वेळेवर उरकली. पोफळीच्या त्या वळणावर मात्र अजूनही माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. त्या रात्री माझा वेग बराच कमी होता आणि शेजारी दोन चांगले डोळे होते, एवढ्यावरच सारे निभावले.