विश्लेषण : 'तुंबाड'चा हस्तर कोकणातला नाही, मग राखणदाराला शिंगं कुणी लावली?

रत्नागिरी : तुंबाड हे गाव खरं आहे. ते खेड तालुक्यात, जगबुडीच्या खोऱ्यात आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाला ते आधीच ठाऊक होतं, चित्रपटानेही नाव तिथूनच घेतलं. हस्तर मात्र कुठल्याही पुराणात किंवा गावऱ्हाटीत नाही. तो राही अनिल बर्वे आणि सहकाऱ्यांनी रचलेला आहे. १२ ऑक्टोबर २०१८ ला आलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यामुळे हस्तर हा कोकणातला जुना देव असल्याचा समज आणखी पसरला.

पाताळ म्हणजे नरक का?

नाही. घोटाळा इथूनच सुरू होतो. भागवतात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ असे पृथ्वीखालचे सात लोक आहेत. तिथे सूर्य नाही, पण नागांच्या फण्यावरच्या मण्यांचा उजेड आहे. तिथली नगरं मयासुराने बांधली. विष्णुपुराणात तर नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून सुंदर असल्याचं सांगतो. सुतलात बळीराजा राहतो, ज्याचं राज्य परत यावं म्हणून दिवाळीत घरोघरी ओवाळलं जातं. नरकाचं वर्णन वेगळं, जागाही वेगळी.

आज मात्र एआयला 'पाताळ' असं सांगितलं, की बहुतेकदा लाव्हा, धूर आणि शिंगं येतात. हे चित्र पाश्चात्त्य 'हेल'चं आहे.

रत्नागिरीत याची झळ राखणदाराला बसते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, वहाणांचा करकर आवाज आणि रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा, असा तो वाडीवाडीत सांगितला जातो. त्याला वर्षाची राखण दिली जाते. नारळ ठेवतात, कुठे कोंबडा, आणि गाऱ्हाणं घालतात. रीलमध्ये त्याचे डोळे लाल होतात आणि तो लोकांच्या मागे लागतो. व्ह्यूज येतात, हे खरंच.

चूक नेमकी कुठे होते?

डिझाइनच्या कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी ब्रीफ, मग मूडबोर्ड, स्टोरीबोर्ड, मॉडेल आणि शेवटी रेंडर. मूडबोर्डवरचं शिंग काढायला दोन मिनिटं लागतात. रेंडर झाल्यावर तेच शिंग काढायचं तर मॉडेलपासून सुरुवात. पण मूडबोर्ड भरतो तो बहुधा इमेज सर्चमधून. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये प्रत्येक कामाचं कार्ड असतं, 'गुरवाला विचारणे' याचं नसतं. सगळं कार्डवर चालणाऱ्या टीममध्ये जे कार्डवर नाही ते होत नाही. ते टाकायला फार तर एक दिवस आणि एसटीचं तिकीट लागेल.

'तुंबाड'ने घाई केली नाही. बर्वेंनी सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पटकथा पुन्हा लिहून २०१५ मध्ये परत शूटिंग केलं. पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, सोन्याची हाव, धान्याची भूक हे हस्तरचे नियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाहीत. कॅमेरा, रंगभूषा आणि व्हीएफएक्स तिघांचाही हस्तर एकच आहे, म्हणून तो खोटा असून खरा वाटतो.

मग कल्पनेला बंदी?

अजिबात नाही. उलट हस्तरसारखा नवा देव रचणं जास्त प्रामाणिक आहे. त्यात कुणाच्या वाडीचा देव वाकवला जात नाही. दशावतारातला संकासुर तर राक्षस असूनही लोकांना हसवतो, इतकी मोकळीक परंपरेतच आहे. राखणदाराचं नाव आणि गावाचं लोकेशन टाकून त्याला भूत करणं ही त्या मोकळिकीतली गोष्ट नाही.

शिमग्याला आणि गणपतीला चार दिवस गावी येणारं मुंबईचं पोर आजोबांच्या आधी मोबाइलमध्ये राखणदार पाहतं. मग संध्याकाळी आजोबा नारळ घेऊन निघाले की ते घाबरून घरातच बसतं. आणखी काही वर्षांनी राखण द्यायची पाळी त्याच्यावर येणार आहे.