टक्क्याचं भूत आणि दादीचा दस्तरखान

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७मध्ये होईल, असं सरकारने जाहीर केलं आहे. धर्मनिहाय आकडे बाहेर येतील तेव्हा मुसलमानांचा टक्का आणखी थोडा वाढलेला दिसेल, हे मी आजच लिहून ठेवते. त्या दिवशी टीव्हीवर काय आरडाओरडा होईल, तेही सांगायला नको. आमच्या स्टाफरूममध्ये त्याची रंगीत तालीम आताच चालते. एक सहकारी मोबाइल पुढे करून म्हणतात, "मॅडम, बघा, पन्नास वर्षांत तुमचंच राज्य!" घरी यावं तर नात्यातले एक चाचा तोच आकडा दाखवून छाती फुगवतात, "बेटी, आपली ताकद वाढतेय." एकाला भीती, दुसऱ्याला घमेंड. गणित दोघांचंही कच्चं.

२००१ ते २०११ या दशकात मुस्लिम लोकसंख्या २४.६ टक्क्यांनी वाढली, हिंदू लोकसंख्या १६.८ टक्क्यांनी. फॉरवर्ड करणारे पट्टी ठेवून हीच रेघ शंभर वर्षं पुढे ओढतात. लोकसंख्येचा अंदाज असा बांधत नाहीत. आधी विचारायचं असतं, की आज या समाजात कोणत्या वयाची किती माणसं आहेत?

आमच्याच घराचा हिशेब देते. दादीची सहा मुलं जगली. त्या सहा जोडप्यांची मिळून आम्ही सत्तावीस भावंडं. आमच्या पिढीत प्रत्येकाला सरासरी दोनच मुलं, म्हणजे चोपन्न. तरी ईदला दस्तरखान लांबतोच आहे. का? चोपन्न मुलं ही सत्तावीस जोडप्यांची, म्हणजे चोपन्न माणसांची, फक्त भरपाई आहे. पण याच काळात अल्लाहघरी जाणारी पिढी सहा जोडप्यांची, म्हणजे बारा माणसांची. गेली बारा, आली चोपन्न. ही वाढ आमच्या पिढीने केलेली नाही. ती दादीच्या आणि अम्मीच्या काळातल्या पाळण्यांची आहे.

नेथन किफिट्झ या अभ्यासकांनी १९७१मध्ये हेच गणिताने मांडलं. जननदर एका रात्रीत दोनच्या आसपास आला, तरी तरुण लोकसंख्या पुढची कित्येक दशकं वाढत राहते. पायडल मारणं थांबवलं तरी सायकल लगेच थांबत नाही, तसं. इराणकडे बघा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका बाईमागे सहाहून जास्त मुलं होती. २०००च्या सुमारास ती दोनवर आली. तरीही १९८६मधले सुमारे पाच कोटी लोक २०१६मध्ये आठ कोटी झाले.

आता आपल्याकडे. २०११मध्ये वीस वर्षांखालची माणसं मुसलमानांत ४७ टक्के होती, हिंदूंत ४०, जैनांत २९. म्हणजे लग्नाच्या वयात येणारी पिढी आमच्यात प्रमाणाने मोठी. फरकाचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण जननदर, तेही मी लपवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३मध्ये मुस्लिम बाईमागे ४.४ मुलं होती, हिंदू बाईमागे ३.३. २०१९-२१मध्ये ते आकडे २.४ आणि १.९ झाले. १.१चं अंतर जवळपास ०.४वर आलं. याच पाहणीत जम्मू-काश्मीरचा जननदर १.४ आहे आणि बिहारचा ३. मग धर्माने कुठे काय ठरवलं, हे सहकाऱ्यांनी मला समजावून सांगावं.

आता चाचांसाठी. चाचा, तरुणांचा मोठा टक्का ही ताकद आपोआप होत नाही. ही तरुणाई म्हातारी होणार आहे, आणि तिच्यामागून येणारी पिढी प्रमाणाने लहान असेल. तोवर तिला शाळा आणि हाताला काम मिळालं तर ताकद, नाहीतर नाक्यावरची गर्दी. त्याच पाहणीत शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला २.८ मुलं आहेत, बारावी किंवा त्यापुढे शिकलेलीला १.८. माझ्या वर्गात आठवीला पहिल्या बाकावर बसणाऱ्या काही मुली दरवर्षी दहावीच्या यादीत नसतात. चौकशी केली की उत्तर ठरलेलं, "मॅडम, रिश्ता आला." संख्येची घमेंड करणारा एकही चाचा त्या मुलीच्या दारात जाऊन "तिला शिकू द्या" म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

२०२७चा आकडा आला की मला कोणीही फॉरवर्ड पाठवू नका. सहकाऱ्यांनी त्या समाजाचं वय विचारावं. आणि चाचांनी दहावीची यादी मागावी.