विटाळ कुणाचा?

आपल्या सावलीनं बाटणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. खरा विटाळ बघायचा तर आफ्रिकेत, झांबियातलं काब्वे शहर बघा. गोऱ्या साहेबाच्या राज्यात तिथं शिशाची खाण निघाली, १९९४ साली बंद पडली. नफा बाहेर गेला, शिसं मातीत राहिलं. ते कुजत नाही, गोमूत्रानं जात नाही. धुळीतून काळ्या पोरांच्या रक्तात शिरतं, मेंदू पोखरतं. वर शहाणे आयांनाच सांगतात, पोरांचे हात धुवा! अरे, बरबटलेले हात कुणाचे?

२०२० साली दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनीवर बायापोरांच्या वतीनं दावा लागला. २०२३ साली जोहान्सबर्गच्या कोर्टानं सामूहिक दाव्याला परवानगी नाकारली. कोर्ट काही म्हणो. ज्यानं माती बाटवली त्यानंच ती उपसावी, स्वतःच्या पैशानं. दया नको, हिशेब पाहिजे!