दिवा लागतो, दिवा विझतो!

काही दुखणी भारी डांबरट असतात. रात्रभर दाढ ठणकते आणि डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसलं की गप्प! डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा याच जातीचा. हायवेवर लागतो, गाडी बंद करून सुरू केली की विझतो आणि गॅरेजच्या गेटमधून आत शिरलात की असा शहाण्यासारखा बसतो, की खोटे तुम्हीच ठरता.

आमची हॅचबॅक 2011 ची. गेल्या पावसाळ्यात तिचा हा दिवा लागायला लागला, तोही मूड असेल तेव्हाच. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, ‘‘मॅडम, एबीएस मॉड्यूल गेलंय.’’ खर्च पाच आकडी! माझा चेहरा बघून त्याने बजेट ऑप्शनही दिला, ‘‘नाहीतर दिव्यावर काळी टेप मारून देतो. ब्रेक तर लागतायत ना?’’

लागतात, हे खरंय. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू असतात. पण ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊ शकतात, आणि पुढची चाकं जाम झाली की गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही. समोर रिक्षा आडवी आली, तुम्ही वळवलंत, तरी ती आपली सरळच जाणार. एबीएस नेमकं हेच टाळतं. हीच गाडी घेऊन बाबा नाशिकला जातात आणि भर पावसात कसारा घाट उतरून परत येतात. टेपचा ऑप्शन तिथेच बाद झाला. (पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्या आणि टोइंगवाल्याला बोलवा. तिथे हिरोगिरी नको.)

दुसऱ्या मेकॅनिकने आधी गाडीला हातच लावला नाही. डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. दिवा कधी लागतो? स्पीड किती असतो? खड्ड्यात की वळताना? पाऊस होता का? मला कुठे पाठ! मग त्याने होमवर्क दिला : आठवडाभर लिहून ठेवा. गाडी थांबवली की मोबाइलमध्ये एक ओळ, बस्स. दिवा सहा वेळा लागला. त्यातल्या पाच वेळा, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं तेव्हा! बिल्डिंगच्या पार्किंगचा रॅम्प होता त्यातला मुख्य साक्षीदार.

प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाक किती वेगात फिरतंय, हे तो एबीएसच्या कॉम्प्युटरला कळवतो. एकाचीही खबर तुटली, की कॉम्प्युटर दिवा लावून एबीएस बंद करतो. स्कॅनरने नाव सांगितलं : पुढचं डावं चाक. (ऑनलाइन मिळणारे बरेचसे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात, एबीएसचे नाही. घेण्याआधी विचारा.) पण कोड फक्त पत्ता सांगतो, गुन्हेगार नाही. सेन्सर, वायर, कनेक्टर, दातेरी रिंगवरचा गंज, ढिलं बेअरिंग, कोणीही असू शकतं.

मग गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, स्टिअरिंग उजव्या टोकाला. आणि सापडलं! सेन्सरची वायर धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. वळताना वायर ताणली जायची, तिच्या आवरणाला चीर गेली होती आणि पाणी शिरून आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. मल्टिमीटर लावून वायर हलवली, तर आकडा माकडासारखा उड्या मारायला लागला. सेन्सर वायरसकट बदलला, क्लिप नवी लावली. मॉड्यूलच्या खर्चापुढे हे बिल म्हणजे चहापाणीच! आणि क्लिपकडे कोणी पाहिलंच नसतं, तर नवी वायरही तशीच ताणून ताणून गेली असती.

तेव्हा मंडळी, मॉड्यूलची ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी मागा. कोड दाखवा, आणि चाक काढून वायर दाखवा. बॅटरी आणि ब्रेक फ्लुइडची लेव्हलही बघायला सांगा. जो मेकॅनिक ‘कधी लागतो?’ हे विचारतच नाही, त्याच्याकडून चावी परत घ्या.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक खास टिप. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ते फक्त महागड्या व्हेरिएंटला मिळायचं, आणि विकणारा ते ऐटीत सांगतो. त्याला सांगू द्या. तुम्ही फक्त इग्निशन ऑन करा आणि डॅशबोर्ड बघा. एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझला, तर ठीक. विझलाच नाही, तर भाव करा. पण लागलाच नाही, तर सावध! त्या दिव्याचं तोंड कोणीतरी आधीच बंद केलंय.