चुकायची सोय

हेडसेट लावून आभासी साइटवर प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचं, ही कल्पना मला तरी पटते. पुस्तकातल्या बार चार्टमध्ये पाऊस कधी पडतच नाही! आपल्या कामथडीवरून जाणारा पुणे-सातारा हायवे बघा. सहापदरीकरण २०१० साली सुरू झालं, मुदत २०१३ ची. काम मात्र पुढे कित्येक वर्षं रखडलं. अशा खऱ्या कामावर आपण शिकता शिकता चुकलो, तर भोगणार गावकरी आणि प्रवासी. हेडसेटमध्ये निदान पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. पण त्या साइटवर ताब्यात न आलेली जमीन, मावळातला पावसाळा आणि रस्ता ओलांडायला जागा मागणारा शेतकरी हवाच. नाहीतर तो नुसता गेम! म्हणून सर, हेडसेट जरूर आणा. पण पहिला तास हायवेच्या कडेला घ्या.