छऱ्याच्या बंदुकीचा सल्ला परत घ्या!



माकडं, वानरं आणि रानडुकरं आपल्या शेतीचं काय करतात, हे या पत्रकात सांगत बसणार नाही. माडाखाली पडलेला कोवळ्या शहाळ्यांचा सडा, एक चावा घेऊन फेकलेल्या कैऱ्या, एका रात्रीत उकरून टाकलेलं खाचर हे सगळं तुम्ही रोज पाहता. कोकणात कित्येक घरांनी भुईमूग लावणं सोडलं, परसातली केळ सोडली, वरकस जमिनी ओसाड पडू दिल्या. आणि एवढं झाल्यावर, ऐन हंगामाच्या तोंडावर, गाऱ्हाणं घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ऐकवलं जातं: ‘एक एअरगन घेऊन ठेवा ना! परवाना लागत नाही.’ दुकानदार हे सांगतो, पुढारी सांगतो, शेतीवर भाषणं देणारे सांगतात, आणि आता आपण एकमेकांनाही सांगू लागलो आहोत. हे पत्रक त्या एका सल्ल्याविरुद्ध आहे. तो निरुपयोगी आहे, शेतकऱ्याला तुरुंगाच्या दारात नेणारा आहे आणि ज्यांनी आपला प्रश्न सोडवायचा त्यांना मोकळं सोडणारा आहे.

आधी बंदुकीचंच पाहू. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची हवेची बंदूक विनापरवाना मिळते. तिचा शिशाचा छरा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. बारा बोअरच्या काडतुसातून दोन हजार ज्यूलहून जास्त जोर बाहेर पडतो, म्हणजे या बंदुकीच्या शंभरपट. परवाना का लागत नाही, याचं उत्तर याच आकड्यात आहे. सरकारने ती खुली ठेवली कारण ती मोठ्या जनावरासमोर कुचकामी आहे. शंभर किलोच्या रानडुकराच्या जाड कातडीत आणि चरबीत तो छरा रुतून बसतो. माकडाच्या टोळीतला थोराड नर सात-आठ किलोचा, वानर त्याहून मोठं. झाडाच्या शेंड्यावर हलणाऱ्या अशा जनावराला हा छरा क्वचितच जागेवर मारतो. तो डोळा फोडतो, जबडा मोडतो, पोटात शिरून कुजत राहतो. जनावर आठवडाभर तडफडतं, आणि तोवर टोळी तुमच्याच बागेत असते. ‘परदेशात शेतकरी हेच वापरतात’ असं मोठ्या तोऱ्यात सांगणारे अर्धंच सांगतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये विनापरवाना एअर रायफलची मर्यादा सुमारे १६ ज्यूल आहे आणि ती उंदीर, ससे, कबुतरं यांच्यासाठी, तीही जवळून नेम धरून डोक्यात छरा मारण्यासाठी वापरली जाते. सशाचं हत्यार रानडुकरापुढे धरायला सांगणाऱ्याने एकदा स्वतः ते धरून रात्री शेतात उभं राहावं.

आता कायदा, कारण ‘परवाना लागत नाही’ या तीन शब्दांनी सगळ्यात जास्त फसवणूक केली आहे. परवाना बंदूक बाळगायला लागत नाही. जनावरावर ती झाडायला परवानगी लागतेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारणं ही शिकार आहे, जखमी करणं ही शिकार आहे आणि मारण्याचा प्रयत्न हीसुद्धा शिकार आहे. नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती फक्त दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी. आणि आपल्याकडचं लाल तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं माकड २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या रांगेत बसलं आहे, आणि त्या रांगेत पिकाचं नुकसान हे कारण चालतच नाही. अशा प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत, वर किमान २५,००० रुपये दंड. हे माकड त्या रांगेत का बसवलं, हा जाब दिल्लीला विचारायलाच हवा. पण तो विचारायचं सोडून शेतकऱ्याच्या हातात छरे देणारा माणूस त्याला सरळ खड्ड्यात ढकलतो आहे. नारळ गेले ते गेलेच, वर कोर्टाच्या तारखा.

मग ही बंदूक गावात करते काय? ती मारते जे तिला मारता येतं. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी लहानपणी अशाच बंदुकीने एक चिमणी पाडली होती, हे सर्वांना ठाऊक आहे. तिची ताकद तेवढीच. डुकरासाठी आणलेली एअरगन चार दिवसांत पोरांच्या हातात जाते आणि बुलबुल, हरियाल, शेकरू पडू लागतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आणि शेकरू राज्यप्राणी. त्याहून वाईट म्हणजे शेताचे राखणदार मरतात. रात्रभर उंदीर वेचणारं गव्हाणी घुबड मरतं, अळ्या-नाकतोडे टिपणारे कोतवाल आणि साळुंक्या मरतात. उंदरांनी केलेल्या भाताच्या नासाडीवर आपण औषधं विकत आणतो आणि फुकट उंदीर मारणाऱ्याला छरा घालतो! अरुणाचल प्रदेशातल्या गावांनी हे ओळखलं. २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंगपासून तिथे एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली आणि सोळाशेहून अधिक बंदुका लोकांनी आपणहून जमा केल्या. ती शिकारीची परंपरा असलेली माणसं आहेत. त्यांना जे उमगलं ते आपल्या सल्लागारांना उमगत नाही.

‘मारायचं नाही हो, नुसतं घाबरवायचं.’ हा युक्तिवाद ऐकून कान किटले आहेत. घाबरवायला आवाज लागतो, आणि या बंदुकीचा आवाज फटाक्याएवढाही नसतो. माकड बंदूकवाला माणूस ओळखायला शिकतं, तो जेवायला घरात गेला की परत येतं, किंवा कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या कलमांवर जातं. शेजारीही एअरगन घेतो, टोळी तिसऱ्याकडे जाते. गावभर बंदुका होतात आणि माकडांची संख्या तेवढीच राहते. दुसरे म्हणतात, ‘तुम्हाला जनावरांचा पुळका आहे.’ पुळका नाही. माणसाची मेहनत मातीमोल होताना पाहून आम्हीही पेटून उठतो. रानडुकरं मारावी लागतील तिथे ती मारली जावीत, हे आम्ही उघडपणे म्हणतो. पण ती मारायची तर नेमकी, एका गोळीत, कायद्याने आणि सरकारच्या जबाबदारीवर. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की काही केल्याचं समाधान मिळालं की माणूस मागणं थांबवतो, आणि वर बसलेल्यांना नेमकं तेच हवं असतं.

हे काम करता येतं, याचे दाखले देशातच आहेत. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात नीलगाईंचा उपद्रव हाताबाहेर गेला तेव्हा रायफलवाले नेमबाज बोलावण्यात आले. त्यावर देशभर वाद झाला, तो व्हायलाही हवा होता, पण छऱ्याची बंदूक घ्या असं तिथल्या शेतकऱ्याला सांगून कोणी हात झटकले नाहीत. केरळने २०२२ मध्ये उपद्रवी रानडुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेला. हिमाचलने माकडांची नसबंदी हाती घेतली. त्याच हिमाचलमध्ये २०१६ मध्ये माकडांना उपद्रवी जाहीर करून मारायची मोकळीक दिली, आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. नुसती मोकळीक देऊन शेतं वाचली असती तर ही वेळ आली नसती. टोळ्या मोजाव्या लागतात, पकडाव्या लागतात, नसबंदी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. हे पैशाचं आणि चिकाटीचं काम आहे. एअरगनचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून होतो, म्हणूनच तिची शिफारस इतक्या उदारपणे केली जाते.

आणि ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचे रीतसर परवाने आहेत त्यांची अवस्था काय? निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, एकीमागून एक, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही. नूतनीकरणासाठी हेलपाटे वेगळे. म्हातारा परवानाधारक गेला की मुलाच्या नावावर परवाना चढता चढत नाही. खरी बंदूक काढून घ्यायची आणि खोटी बंदूक विकत घ्यायला सांगायचं, असा हा उफराटा कारभार आहे.

येत्या ग्रामसभेत चार मागण्यांचा ठराव लेखी मांडा आणि त्याची पोच घ्या. टोपीवालं माकड दुसऱ्या अनुसूचीत आणण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तालुकावार माकडं पकडून नसबंदी करणारं कायमचं पथक नेमावं. रानडुकरांसाठी प्रशिक्षित नेमबाजांची यादी ग्रामपंचायतीकडे असावी आणि परवानगीचा निर्णय ठरलेल्या मुदतीत व्हावा. शेतीसंरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करून घेऊ नयेत. ठरावावर चर्चा चालू असताना कोणी उठून एअरगनचं नाव काढलं, तर ती कोणत्या कलमाखाली, कोणत्या जनावरावर आणि कोणाच्या जबाबदारीवर झाडायची, हे त्याच्याकडून त्याच कागदावर सहीनिशी लिहून घ्या.