हिवाळ्यातली उन्हाळी

"मॅडम, उन्हाळी लागली बघा."

डिसेंबरचा महिना. मंठ्याच्या ओपीडीत सकाळी येणारा जो तो कानाला मफलर गुंडाळून आलेला, आणि समोरच्या स्टुलावर बसलेली तेहतीस वर्षांची बाई सांगत होती की तिला उन्हाळी लागली आहे. लघवीच्या जळजळीला आपल्याकडे हेच नाव. नावातच कारण येऊन जातं : अंगात उष्णता झाली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि त्याने नाही भागलं तर मेडिकलवरून दोन गोळ्या. नवरात्रानंतरची तिची ही तिसरी खेप होती. आधीचे दोन्ही केसपेपर तिने जपून आणले होते. दोन्हींवर माझंच अक्षर : भरपूर पाणी पिणे.

मी तिसऱ्यांदा तेच सांगायला लागले, तेव्हा तिने मला थांबवलं. "मॅडम, पाण्याला काय पैसे पडतात का? पण पिल्यावर जायचं कुठं?"

ती रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर काम करते. एकूण नऊ माणसं, त्यांत बाई ही एकटी. पंपावर स्वच्छतागृह आहे, त्यावर पाटीही आहे. पण ते ट्रकवाल्यांच्या गर्दीचं, आतली कडी तुटलेली. दुसरं एक आहे, ते घाण होऊ नये म्हणून कुलपात. किल्ली मॅनेजरच्या केबिनमध्ये. किल्ली मागायची तर तिथे बसलेल्या तीन-चार माणसांसमोर उभं राहायचं, आणि परत येईपर्यंत कोणीतरी घड्याळाकडे पाहिलेलं असतं. म्हणून सकाळी सातला घरून निघताना अर्धा कप चहा, आणि त्यानंतर दुपारी चारला घरी पोहोचेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. "आधीच म्हणतात, बाईमाणसाला पंपावर कशाला घेतलं. त्यात मी चारदा जागा सोडून गेले तर?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिने शोधलेला उपाय माझ्या ओळखीचा होता. तीस वर्षांपूर्वी मीही तोच केला होता.

१९९०च्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिनच्या युनिटमध्ये निवासी डॉक्टर होते. युनिटमध्ये सात मुलगे आणि मी. डॉक्टरांची खोली एकच, तिच्यातच स्वच्छतागृह. रात्रपाळीला तिथे खाटेवर, जमिनीवर मुलं झोपलेली असायची. त्यांना ओलांडून जायचं मला कधी जमलं नाही. वॉर्डातलं रुग्णांचं स्वच्छतागृह वापरण्याच्या लायकीचं नव्हतं. वसतिगृह दहा मिनिटांवर, आणि राउंड सोडून वीस मिनिटं गायब होणं म्हणजे सरांच्या तोंडून सगळ्यांसमोर नाव निघणं. मग मी तोडगा काढला : ड्युटीला जायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद. सहा महिने निभावलं. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या उजव्या बाजूला कळ, उलट्या. मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला संसर्ग होता. चार दिवस सलाइन लागलं.

ते चार दिवस मी सगळ्यांना काय सांगितलं, तर व्हायरल ताप. मी डॉक्टर, आजूबाजूला सगळे डॉक्टर, रिपोर्ट फाइलमध्ये आणि फाइल मी उशीखाली ठेवलेली. खरं सांगितलं असतं तर "म्हणूनच मुली नकोत युनिटमध्ये" हे वाक्य ऐकावं लागलं असतं. ते वाक्य मी आजाराला भ्यायचे त्याहून जास्त भ्यायचे. सात मुलांपैकी एकही वाईट नव्हता, हेही सांगते. यातल्या दोघांनी रात्रभर माझं सलाइन पाहिलं. एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांनी खोली रिकामी करून दिली असती. मी सांगितलं नाही आणि त्यांना सुचलं नाही.

शरीराची बाजू समजून घेऊ. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटिमीटर लांब असतो, बाईचा जेमतेम ४. शिवाय तो गुदद्वाराच्या जवळ. आतड्यात राहणारे ई. कोलाय जंतू तिथून निघून मूत्राशयात पोहोचायला बाईच्या शरीरात फार अंतर कापावं लागत नाही. त्यांना बाहेर काढण्याचा शरीराचा सगळ्यांत साधा मार्ग म्हणजे लघवीची धार. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी बनते, गडद होते आणि तासन्‌तास साचून राहते. धार वेळेवर येत नाही आणि जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. लघवी धरून ठेवली की संसर्ग होतोच, असं एका वाक्यात म्हणणं मात्र बरोबर नाही. मधुमेह, पाळी गेल्यानंतरचे बदल, मुतखडा, लैंगिक संबंध अशी बरीच कारणं असतात. पण पाण्याबद्दलचा पुरावा चांगला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा संसर्ग वारंवार होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या १४० स्त्रिया निवडल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात या गटात प्रत्येकीला सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर नेहमीसारखं पिणाऱ्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तोही कोणत्याही गोळीशिवाय.

तेव्हा माझा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता. पण ज्या बाईला पाणी पिण्याची परवानगीच नाही, तिच्या हाती तो ठेवून मी मोकळी झाले होते.

परवानगी हा शब्द मी विचार करून वापरते आहे. तिला कोणी पाणी पिऊ नको म्हटलं नव्हतं. बसमधल्या कंडक्टरला, बंदोबस्तावरच्या पोलीस शिपाई बाईला, मोजणीला शेतात गेलेल्या कर्मचारी बाईलाही कोणी तसं म्हणत नाही. पुरुष सहकारी गाडी थांबली की बांधाआड जाऊन येतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. बाईने तसं करायचं तर जागा शोधा, आडोसा पाहा, बरोबर कोणीतरी घ्या, आणि परतल्यावर सगळ्यांना कळलेलं असतं ती कुठे गेली होती. पाळीच्या दिवसांत याच्या दुप्पट. चौघींच्या ठिकाणी एकीने तोंड उघडलं तरी बाकीच्या तिच्या मागे उभ्या राहतात. एकटी असली की ती गप्प राहते आणि बाटली भरतच नाही.

'वातावरण' हा शब्द आला की मला कमला सोहोनी आठवतात. तेव्हाच्या कमला भागवत. मुंबईची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही, आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींना दार उघडलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, नंतर मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून शाळेत सांगतो. मला त्यातली ती अट महत्त्वाची वाटते. वातावरण पुरुषांचं धरलेलं होतं आणि ते न बिघडवण्याची जबाबदारी आलेल्या मुलीवर होती. पंपावरची बाई बाटली रिकामी ठेवून तीच जबाबदारी पार पाडते आहे.

आणखी एक नाव साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली तेव्हा फोटो सगळीकडे आले. पण स्वच्छतागृह असलेलं पहिलं इंजिन रेल्वेने आणलं ते २०१६ मध्ये. मधल्या पंचवीसेक वर्षांत इंजिनात बायका होत्या आणि इंजिन पुरुषांसाठीच बनत होतं. खरं तर पुरुष चालकांचेही हालच. फक्त त्यांचं कसंतरी भागत होतं, म्हणून तो प्रश्न कोणी प्रश्न मानला नाही.

राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४चं. त्यानंतर सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा बायकांना मिळाल्या, ही मोठी गोष्ट झाली. त्या आरक्षणामुळे खाकी वर्दीतल्या मुली आज मंठ्यातही दिसतात. कारखान्यांसाठी तर १९४८च्या कायद्यातच स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या स्वच्छतागृहांची तरतूद होती. पण तपासणीला येणारा माणूस दार आहे की नाही हे पाहतो. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, कचऱ्याचा डबा आहे का, किल्ली कोणाकडे असते आणि ती मागायला कोणासमोर उभं राहावं लागतं, हे तो पाहत नाही. माझ्या मते पाहायचं तेवढंच आहे.

हा प्रकार बायकांपुरताच आहे असंही नाही. पूर्वी मी एका ठिकाणी काम करत होते, तिथे परिचारिकांत एकच मुलगा होता. आम्ही त्याला ब्रदर म्हणायचो. बाकी सगळ्या सिस्टर. कपडे बदलायची खोली बायकांची, जेवायचं टेबल बायकांचं. तो औषधांच्या स्टोअरमध्ये खोक्यांच्या मागे कपडे बदलायचा आणि डबा मोटारसायकलवर बसून खायचा. दोन वर्षं मी हे रोज पाहिलं. एकदाही मला वाटलं नाही की याला एक खोली हवी. जिला स्वतःच्या युनिटमधली ती खोली आठवत होती, तिलाही वाटलं नाही.

त्या डिसेंबरनंतर मी ओपीडीत दोन प्रश्न वाढवले. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला विचारते : काम कुठे करता, आणि तिथे जाता कुठे? पहिल्या प्रश्नाला चटकन उत्तर येतं. दुसऱ्याला बायका आधी हसतात, मग बोलायला लागतात. काहींचं निदान तिथेच निम्मं होतं. एकीला मी घरी आणि कामावर धरून दिवसाच्या पाण्याचं वेळापत्रक लिहून दिलं, दुसरीच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली : रुग्णास दर तीन ते चार तासांनी लघवीस जाणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. सरकारी शिक्क्याला आपल्याकडे अजून मान आहे. बाईने सांगितलं तर ती सबब ठरते आणि शिक्क्याने सांगितलं तर आदेश ठरतो, याचं मला वाईट वाटतं. तरी चिठ्ठी मी लिहिते.

वाचणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना थोडं सांगते. मेडिकलवरून दोन गोळ्या घेऊन जळजळ दबवू नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, त्या औषधाला निर्ढावतात. मग साध्या गोळीने बरं होणाऱ्या आजाराला सुया लागतात. हे मी आता फार वेळा पाहते. लघवीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती करून घ्या. थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी या. गरोदर बाईने तर जळजळ नसली तरी लघवी तपासून घ्यावी, कारण तिच्यात संसर्ग गुपचूप असू शकतो आणि मूत्रपिंडापर्यंत गेला तर बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका असतो. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. त्यात पाणी आहेच.

पंपावरच्या त्या बाईलाही मी चिठ्ठी दिली होती. ती मॅनेजरला द्यायला तिने पंधरा दिवस लावले. हे तिनेच मार्चमध्ये सांगितलं, मुलाचा खोकला दाखवायला आली तेव्हा. जळजळ पुन्हा झालेली नाही. कुलपातल्या स्वच्छतागृहाची एक किल्ली आता तिच्याकडे असते, गळ्यातल्या दोरीत ओवलेली. आत दिवा मात्र नाही. संध्याकाळची पाळी असली की ती मोबाइलच्या उजेडात जाते.